खुर्ची आत का गेली नाही

साळवे सर,

रविवारी प्रशिक्षण संस्थेत तुमची शोकसभा आहे आणि मला बोलायचं आहे. काळे मॅडमचा फोन आला होता. तुमच्या हाताखाली तयार झालेल्या, त्यामुळे बोलतातही तुमच्यासारख्याच, आधी घरच्यांची तब्येत आणि मग काम. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही फक्त व्हरांड्याची गोष्ट सांगा. सरांची लाडकी गोष्ट. तुमच्या तोंडून आलेली बरी." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. कारण ती गोष्ट तशी घडलीच नव्हती, हे मी तुम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं. आणि ती खोटी आहे, असंही आता छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. मग मी तिथं उभी राहून सांगू काय?

तुम्ही असता तर म्हणाला असता, "बसा, पाणी प्या, मग घोळ घालू." पण तुम्ही नाही, म्हणूनच तर हा घोळ आहे. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तरी मला एकदा पहिल्यापासून लावून बघू द्या, रविवारी लोकांसमोर फजिती नको.

फर्दापूरला तुम्ही घेतलेलं आम्हा मुख्याध्यापकांचं निवासी प्रशिक्षण होतं. लेणी हाकेच्या अंतरावर आणि आम्ही सगळे हेडमास्तर हॉलमध्ये कोंडलेले. कुणाचं लक्ष घड्याळाकडे, कुणाचं खिडकीकडे. शेवटच्या दुपारी अभिप्रायाचे कागद वाटले गेले आणि सगळ्यांनी डोळे मिटून 'अतिउत्तम' लिहिलं. अजून एक तास बाकी होता, त्या तासाचाही अभिप्राय आम्ही आधीच देऊन टाकला. ही आपली रीतच आहे. साहेबानं प्रशिक्षण घ्यायचं, आपण उत्तम म्हणायचं, फोटो काढायचा आणि गाडी गाठायची. एकानं मात्र लिहिलं होतं, 'गुलाबजाम गार होते.' तुम्ही तो कागद हातात धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "या सगळ्या ढिगात एवढंच एक खरं मूल्यमापन हाय." आम्ही हसलो. गुलाबजामवाले गुरुजी लाजले.

मग तुम्ही जे बोललात ते माझ्या कानात अजून आहे. "लग्न कसं झालं ते जेवणावळीत विचारतात. पण संसार कसा चाललाय, ते नंतर घरी जाऊन बघावं लागतं. मी बघायला येणार. न सांगता." कुणालाच ते खरं वाटलं नाही. बघायला येणारा माणूस आपल्याकडे आधी निरोप धाडतो. मग आपण रांगोळी काढतो, नारळ आणतो, मोडकी बाकं मागच्या खोलीत नेतो आणि मुलांना 'नमस्ते' म्हणायची तालीम देतो. येणाऱ्यालाही ते माहीत असतं. त्यानंही कधीकाळी आपल्या शाळेत तेच केलेलं असतं.

त्या प्रशिक्षणात तुम्ही जीव तोडून एकच मुद्दा मांडला होता. मुख्याध्यापकानं ऑफिसबाहेर पडावं. खोलीत बसून कागद कळतात, शाळा कळत नाही. शाळा कानानं कळते. मी मान डोलावली होती. खरं सांगायचं तर लासूर स्टेशनला, माझ्या शाळेवर, पोचेपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेही होते.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी तुम्ही खरंच आलात. स्कूटर फाटकाबाहेर लावून फाटकातच थांबलात. मी व्हरांड्यात बसले होते, दुसरीचा वर्ग आणि पाण्याचा नळ यांच्या मधोमध, टेबल-खुर्ची टाकून. तुमच्या तोंडावर असा काही आनंद पसरला, सर, की मला क्षणभर वाटलं, माझ्या मागं कुणीतरी उभं आहे. मी लगेच सांगितलं. तुम्ही पायरी चढायच्या आत सांगितलं. "सर, ऑफिसातला पंखा बंद पडलाय. वर पत्रे, आत भट्टी झालीय. म्हणून बाहेर बसले."

तुम्ही हसलात. "असू द्या मॅडम, असू द्या. कळलं."

"अहो, खरंच पंखा..."

"व्हय, व्हय. पंखा."

त्या दिवसापासून मी गावोगावच्या प्रशिक्षणांतली गोष्ट झाले. लासूर स्टेशनजवळच्या एका शाळेतल्या शेळके मॅडम प्रशिक्षणाहून परत गेल्या आणि त्यांनी आपली खुर्ची उचलून व्हरांड्यात आणली! तुम्ही हे इतक्या रंगून सांगत होता म्हणे की ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. त्या गोष्टीत पंखा नव्हताच. माझ्या बहिणीच्या नणंदेनं ती गोष्ट मलाच सांगितली, 'तुमच्याच भागातली बाई आहे म्हणे, ओळखता का?' म्हणून. मी काय बोलणार? ओळखते म्हटलं, तोंडओळख आहे.

पुढचा घोळ तुमच्यामुळेच झाला. राऊत सरांनी, म्हणजे आमच्या चौथीच्या गुरुजींनी, बाजारातून कंडेन्सर आणून पंखा दुरुस्त केला. तो असा गरगरा फिरायला लागला की हजेरीपटाची पानं उडाली. मी खुर्ची आत न्यायला उठणार, तेवढ्यात निरोप आला की उद्या पैठणकडचे काही मुख्याध्यापक आपला व्हरांडा बघायला येतायत. आता व्हरांडा बघायला येणाऱ्यांना काय रिकामा व्हरांडा दाखवायचा? खुर्ची राहिली. ते गेले, मग दुसरे आले. मग कुणी यायचंच थांबलं. खुर्ची मात्र तिथंच.

त्या खुर्चीनं मला काय काय दाखवलं, ते तुम्हाला सांगितलंय, पण सगळं नाही. पूर्वी आया फाटकापाशी थांबायच्या. ऑफिसात यायचं तर चप्पल काढा, पदर सावरा, काय बोलायचं ते जुळवा. व्हरांड्यात मात्र त्या चालता चालता थांबतात आणि बोलून जातात. पोरगी रात्री दचकून उठते, नवरा आता घरी नसतो, पोराला पोहे आवडत नाहीत, काहीही. खिचडी ताटात पडते तेव्हा तिचा वास सांगतो की आज घाई झालीय. कोणता वर्ग फार शांत आहे, तेही कळतं. शाळेत फार शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला एवढी वर्षं शिकवून कळलं नव्हतं, ते बसून कळलं.

आणि राऊत सरांचं कळलं. मधल्या सुट्टीनंतर ते रोज धडा उतरवून घ्यायला लावायचे आणि खिडकीशी बसून राहायचे. मी फक्त खुर्ची थोडी त्यांच्या वर्गाकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. शेवटी ते दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, पहारा देताव काय आमच्यावर?"

"मी हवेला बसलेय."

"हवा तिकडं पण लई हाय."

पण शिकवायला लागले ते. आवाज चढवून, फळ्यावर चित्रं काढून, पोरांना उभं करून. मी बसलेली असताना. मी नळापर्यंत गेले की आवाज उतरायचा, परत आले की चढायचा. मला त्याचं हसूही यायचं आणि कसंतरीही व्हायचं. कारण मला त्यात मीच दिसायचे. तुमची स्कूटर फाटकात दिसली की माझीही मान ताठ व्हायची.

यावरूनच आपलं भांडण झालं होतं, आठवतं? तुमच्या घरी, पुंडलिकनगरात. आपल्या गल्ल्या शेजारी, त्यामुळे भांडायला फार लांब जावं लागायचं नाही. मी म्हटलं, "सर, तुमच्या प्रशिक्षणानं मी बदलले नाही. तुमच्या चुकीनं बदलले. तुम्हाला वाटलं की मी बाहेर बसते, म्हणून मला बाहेर बसावं लागलं."

"मग चूक कामाची निघाली की."

"पण तुम्ही ती प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा करता!"

"मग काय पंख्याच्या खात्यावर करू?"

वहिनी आतून हसल्या. मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही एवढं मूल्यमापन मूल्यमापन करता, तर निदान मोजमाप तरी सरळ ठेवा. मास्तर शिकून सुधारला की कुणी बघतंय म्हणून सुधारला, हे वेगळं नको का करायला? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "पोरांना काय फरक पडतो, मॅडम? त्यांना गुरुजी शिकवताना दिसले, बास."

"फरक पडतो," मी म्हटलं. "मी उठून गेल्यावर पडतो."

तुम्ही पुसलेला चष्मा परत पुसायला घेतलात. मला तेव्हा जिंकल्याचा आनंद झाला नाही. मग म्हणालात, "याचं उत्तर माझ्यावर उधार. शाळेवर येतो एकदा, तिथंच बोलू." वहिनींनी चहा आणला आणि विषय दुसरीकडे गेला.

तुम्ही आला नाहीत. मी वाट बघत होते, असं नाही. तुमचं येणं असंच, न सांगता. त्यामुळे प्रत्येक दिवस तुमच्या येण्याचा असू शकायचा. आता कळतंय की गेले कित्येक महिने मी रोज सकाळी फाटकाकडे एकदा बघत होते. आणि आता तिथं बघायचं काय?

बातमी सकाळीच आली. मी तशीच घरी आले तुमच्या. त्रिशरण चाललं होतं, सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि तुम्ही इतके शांत की मला तुमच्या शांततेचाच राग आला. तुमच्यासारख्या बडबड्या माणसाला हे शोभत नाही, सर. रडू येत होतं आणि मनात काहीतरी भलतंच चाललं होतं. तुमचा चष्मा कुणी काढून ठेवला असेल, पुसून ठेवला असेल का, असलं काहीतरी.

नंतर वहिनींजवळ बसले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या पंख्याचं लई सांगायचे हो."

मी चमकले. "पंख्याचं? सरांना पंखा कुठं मान्य होता?"

"मान्य नाय कसा? पहिल्या दिवशीच घरी येऊन म्हणाले, बिचारीचा पंखा बिघडलाय आणि मी उगंच खूश झालो. लई हसले. मग म्हणाले, पंखा बिघडला म्हणून खुर्ची बाहेर आली, त्यात काय विशेष? पण पंखा सुरू झाल्यावर खुर्ची आत का गेली नाय, ते मला त्यांना विचारायचंय."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं!

सर, मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुणावर चिडू? माहीत असूनही तुम्ही पंखा गाळून गोष्ट सांगत फिरलात. का? मला अडकवायला? की तुमच्या प्रशिक्षणाचं नाव व्हावं म्हणून? की माणसाला आधी चांगलं म्हणायचं आणि मग तो त्या चांगल्याला जागतो का ते बघायचं, हीच तुमची पद्धत होती? तसं असेल तर मी तुमची विद्यार्थिनी होते की तुमचा प्रयोग? आणि मला विचारायचं होतं, तर विचारलं का नाहीत? भांडत तर रोज होता. एवढा एक प्रश्न जिभेवर आला नाही?

तो प्रश्न आता माझ्याकडे राहिलाय आणि त्याचं उत्तर मला माहीत नाही. खुर्ची आत का गेली नाही? बघायला येणाऱ्यांची लाज वाटली म्हणून, हे खरं आहे. तुम्ही केव्हाही याल म्हणून, हेही खरं आहे. राऊत सरांशी चुरस लागली होती, तेही काढून टाकता येत नाही. बाहेर वारं बरं असतं. पण आयांचं बोलणं ऐकायची मला सवय लागली, आत बसून करमेना, हे खरं नाही का? एक उत्तर धरावं तर दुसरं आडवं येतं. फर्दापूरला तुम्ही सांगितलेलं मी विसरले होते असं मी म्हणते, पण बाहेर बसल्यावर कान कुठं लावायचे, हे मग मला कुणी शिकवलं होतं? पंख्यानं?

आणि मी तुमची ऋणी आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर भांडणात राहून जायचं. माझ्या नोकरीत बघायला पुष्कळ जण आले. प्रत्येकानं काय कमी आहे ते बघितलं. नसलेलं चांगलं बघणारे तुम्ही एकटे.

तुम्हाला निरोप देऊन दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. नेहमीप्रमाणे टेबल-खुर्ची बाहेर मांडलेली होती. मला तिथं बसवेना. मुलांसमोर डोळे भरून यायला लागले तर काय करायचं? आणि मनात असंही आलं की आता कुणासाठी? फाटकात कुणी येऊन उभं राहायचं नाही आता. राऊत सरांना माझा चेहरा दिसला असावा. त्यांनी स्वतःच टेबल-खुर्ची उचलून आत नेली. "आज आतच बसा, मॅडम. बाहेरचं मी बघतो." त्यांनी पंखा लावून दिला आणि दार लोटून घेतलं.

पंख्याच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. राऊत सर शिकवतायत की खिडकीशी बसलेत, तेही कळेना. आपल्या भांडणाचं उत्तर त्या भिंतीपलीकडे होतं, सर, पण मला उठून ऐकायचंही त्राण नव्हतं. मी पोटभर रडून घेतलं. हो, तुमच्यासाठी. आणि थोडं माझ्यासाठीही, कारण आता मी खरी कशी आहे ते कळणार होतं आणि मला त्याची भीती वाटत होती.

दार किलकिलं झालं. दुसरीतली श्रावणी. एक मूठ घट्ट मिटलेली. आत यायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. ही पोरं ऑफिसात कधी येतच नाहीत आता, त्यांना मी बाहेरच भेटते. तिनं मला नीट निरखून बघितलं.

"मोठ्या बाई, तुम्हाला ताप आलाय का?"

"नाही गं. का?"

"मग आत कामून बसल्या?"

ती वाट बघत उभी राहिली. मग तिनं मूठ उघडून पुढं केली. दात होता. नुकताच पडलेला, मुळाशी थोडं लाल. "तुम्हाला दाखवायला आले होते तिथं," ती म्हणाली, "तर टेबलच नव्हतं." तिच्या बोलण्यात तक्रार होती. तिचा दात पडावा आणि टेबल जागेवर नसावं, हे काही बरोबर नव्हतं.

तुम्हाला खुर्ची आत का गेली नाही ते विचारायचं होतं. ही मला आत का बसलात म्हणून विचारत होती. हिनं तुमचं प्रशिक्षण ऐकलेलं नाही, गोष्ट ऐकलेली नाही, फर्दापूर कुठं आहे ते हिला माहीत नाही. हिच्यासाठी मी नेहमीच बाहेर होते. हे प्रशिक्षणाचं यश म्हणायचं, तुमच्या थापेचं म्हणायचं, की कंडेन्सरचं, ते मला खरंच कळत नाही, सर. रविवारी मी तेच सांगणार आहे. पंख्यापासून सुरुवात करणार, काही गाळणार नाही, तुम्ही हसलात तेही सांगणार. काळे मॅडमना आवडो न आवडो. आणि शेवटी लोकांनाच विचारणार की बघा, तुम्हाला काही उलगडतं का.

मी डोळे पुसले. खुर्ची उचलली. श्रावणीनं दात फ्रॉकच्या खिशात टाकला आणि टेबलाचं एक टोक धरलं. धरलं म्हणजे काय, हात लावला. आम्ही दोघींनी ते ओढत ओढत व्हरांड्यात आणलं, दुसरीचा वर्ग आणि नळाच्या मधोमध. फरशीवर पायांच्या खुणा आहेत, त्यामुळे जागा शोधावी लागत नाही. मी बसले. दात हातात घेऊन नीट बघितला आणि छान आहे म्हटलं. ती उड्या मारत वर्गात गेली.

चौथीतून राऊत सरांनी डोकं बाहेर काढलं. "मॅडम, आत पंखा तसाच चालू राहिला."

"राहू द्या," मी म्हटलं.

तुम्ही तेव्हा यायला हवं होतं, सर. मी सवयीनं फाटकाकडे बघितलंसुद्धा. तिथं कुणी नव्हतं. पंखा चालू होता आणि खुर्ची बाहेर होती.